पान मांडलंय

१

पुस्तकांच्या धंद्यात 'पेज टर्नर' असा एक शब्द आहे. नांदेडहून माल घेऊन येणारा व्यंकटी तो इतक्या वेळा तोंडात घोळवतो, की सुरुवातीला मला वाटायचं ही पानं उलटायची एखादी मशीन असणार. "अण्णा, पेज टर्नर हाय, ठेवून घ्या. सांगून राहिलो तुमाला, एकदा हातात धरलं की खाली ठेववत न्हाई." मी त्याला म्हणायचो, "अरे बाबा, माझं गिऱ्हाईक पुस्तक हातात धरतं ते मागची किंमत बघून खाली ठेवायलाच."

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेल्या पोरांची गाईडं, प्रश्नसंच, वह्या, पेनं. गोष्टीच्या पुस्तकांना कोपऱ्यातली एक फळी, तीही व्यंकटीचं मन मोडू नये म्हणून. मी स्वतः वाचत नाही. मिठाईवाल्याला पेढ्याचं जितकं कौतुक, तितकंच मला पुस्तकाचं.

दुकानाच्या वर घर. घरात मी आणि बायको दानम्मा, दोघंच. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं रडगाणं आम्ही केव्हाच बंद केलं आणि मग एकमेकांना चिडवण्यात दिवस बरे गेले. दुपारी क्लासची पोरं मेसकडे पळाली की मी शटर अर्धं ओढायचो, आणि वरून पळीनं ताट वाजायचं. नवऱ्याला गल्लीत ऐकू जाईल अशी हाक मारायची तिला लाज वाटायची. ताट बडवायला मात्र वाटायची नाही.

ती निलंग्याची. रागावली की कन्नडात रागवायची, म्हणजे मला निम्मंच कळायचं आणि संसार टिकायचा. जेवणाच्या बाबतीत मात्र फार कडक. ताटात शीत टाकायचं नाही. जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोट फिरवून, ते पिऊन टाकायचं, कारण अन्न म्हणजे प्रसाद. आणि पंगतीत बसलं की सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही. लग्नात तिच्या पंगतीला एखादी बिनदाताची म्हातारी आली की आमची शेवटची एसटी गेलीच म्हणून समजा. मी पंगतीत बसत नाही. माझे गुडघे गेलेत. मी आपला उभ्यानं जेवणारा माणूस.

२

दिवाळी होऊन गेली होती. गच्चीवर डाळ वाळत घातलेली, आणि तिच्यावरचं कापड वाऱ्यानं सारखं उडत होतं. दानम्मा खाली दुकानात आली, "काय तरी जाडजूड द्या वजनाला" म्हणाली, आणि व्यंकटीच्या फळीवरचं सगळ्यात जाड पुस्तक उचलून घेऊन गेली. तपकिरी पुठ्ठ्याचं, वर चित्र नाही, काही नाही. व्यंकटीनं ते कधी आणून ठेवलं होतं हे मला आठवतही नव्हतं.

दुपारी शटर ओढलं आणि पळीची वाट बघत उभा राहिलो. पळी वाजली नाही. जिना चढायला लागलो तर वरून तिचा आवाज आला.

"हाव, बसते की," ती म्हणाली. पाहुणीनं म्हणावं तसं, जरा संकोचून, जरा हसून.

मला वाटलं शेजारच्या विशाखाबाई त्यांच्या गच्चीवर आल्या असतील. जाऊन पाहिलं तर त्यांच्या गच्चीच्या दाराला कुलूप होतं. दानम्मा भर उन्हात मांडी घालून बसलेली, पुस्तक डाव्या तळहातावर उघडं. कापड उडून पाण्याच्या टाकीला अडकलं होतं आणि डाळीत चिमण्या उतरल्या होत्या. दानम्मानं डाळीत चिमण्या येऊ दिल्या, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होतो.

"कुणाशी बोलत होतीस गं?"

"कुणाशी न्हाई. एवढं पान होऊ द्या."

मला हसूच आलं. पंचांगाच्या पलीकडे काही न वाचणारी बाई पुस्तकात बुडालीय! त्या दिवशी मीच भात गरम केला आणि व्यंकटीला फोन लावून म्हटलं, "तुझं पेज टर्नर आमच्याच घरात लागलं बघ."

"कोणतं अण्णा?"

"ते तपकिरी."

तो म्हणाला, "मी वाचत न्हाई अण्णा. मी नुसतं पोचवून राहिलो." आणि दुसऱ्याच मालाचं बोलायला लागला.

३

नंतरचे काही दिवस मी गमतीत घालवले. पळी वाजायची बंद झाली होती, पण स्वयंपाक होत होता. मी वर गेलो की ती मला वाढायची आणि पुन्हा चटईवर जाऊन बसायची. "तू?" विचारलं की म्हणायची, "मागनं बसते." बायका मागून जेवतात, त्यात काय विशेष? मी जेवून खाली यायचो.

एकदा पाणी प्यायला म्हणून मांडणीपाशी गेलो. माझं ताट धुऊन उपडं घातलेलं होतं, ओलं. तिच्या ताटावर धूळ होती. बोट फिरवलं तर बोटाला लागली.

त्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिलं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकत होत्या. गालफडं वर आली होती. रोज समोर असणाऱ्या माणसाकडे आपण बघतच नाही. मला माझाच राग आला.

"दानम्मा, तू जेवत नाहीस?"

"बसलेय की जेवायलाच," ती म्हणाली आणि पान उलटलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. दिवसभर वाचूनही पुस्तक मधोमधच उघडं असायचं. डावीकडची थप्पी वाढत नव्हती, उजवीकडची कमी होत नव्हती. म्हटलं, तीच तीच पानं वाचत असेल. अशिक्षित नाही, पण सवय नाही तिला. मग एका सकाळी ती आत भाकरी थापत होती, दोन्ही हात पिठात, मी दारात उभा राहून तिच्याशी बोलत होतो, आणि पुढच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला. पंखा असेल म्हणून बघायला गेलो. पंखा बंद होता. थंडीचे दिवस, पंखा कोण लावतो?

मी ते पुस्तक उचललं आणि सुरुवातीपासून वाचायला घेतलं. पहिलंच वाक्य होतं, 'या, बसा, पान मांडलंय.' पुढे कुठल्याशा लग्नघराचं वर्णन. मांडव, सतरंज्या, पत्रावळींच्या रांगा, एकेक माणूस येऊन बसतोय. ना खून, ना प्रेम, ना भांडण. थोडं वाचलं आणि मला जांभई आली. मी बसलो नाही, उभ्यानंच वाचत होतो, तरी गुडघे दुखत होते. पुस्तक मिटून मी खाली नेलं आणि त्याच दिवशी रद्दीच्या टेम्पोत टाकलं. टेम्पो गल्लीच्या तोंडातून वळेपर्यंत उभा राहून पाहिलं.

ते पुस्तक मला पुन्हा कधी दिसलं नाही. सिनेमात असतं तसं ते परत फळीवर येऊन बसलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. फाडायला, जाळायला हातात काहीतरी राहिलं असतं.

४

टेम्पो गेल्यावर मी वर गेलो. वाटलं, आता ती रागावेल, कन्नडात माझा उद्धार करेल. मला ते हवंच होतं.

ती चटईवर तशीच बसली होती. आम्ही लिंगायत, आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन त्याच्यावर नजर लावतात. सकाळी पूजेला बसलेली दानम्मा मी आयुष्यभर पाहत आलोय, आणि त्या वेळची तिची शांतता मला फार आवडायची. आता तिचा हात तसाच छातीसमोर धरलेला होता. तळहात रिकामा होता. डोळे मात्र डावीकडून उजवीकडे सरकत होते, कडेला गेले की परत यायचे, पुन्हा सरकायचे.

मी तिच्यासमोर बसलो, गुडघ्यांची पर्वा न करता. तिचे डोळे पार खालच्या ओळीला आले. उजवा हात उठला, बोटांनी हवेतलं काहीतरी चिमटीत धरलं आणि डावीकडे नेलं.

पान उलटल्याचा आवाज आला. कोरड्या, जाड कागदाचा.

मी उठून भिंतीवरची दिनदर्शिका काढली. खिडकी लावली. देवाजवळचं पंचांग उचलून आतल्या खोलीतल्या कपाटात ठेवलं, दुकानातून वर आणलेले नमुन्याचे अंक ठेवले. खोलीत कागदाचा कपटा राहू दिला नाही. मग पुन्हा समोर बसलो. पुन्हा हात उठला आणि पुन्हा तो आवाज आला.

मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले. गार होते. ती ओढाताण करत नव्हती, नुसती थांबून राहिली, कुणीतरी मध्ये आलंय, बाजूला होईल अशा समजुतीनं. मी कितीतरी वेळ तसा बसलो आणि शेवटी मीच हात सोडले.

५

तिच्या भावाला, श्रीशैलला, निलंग्याहून बोलावून घेतलं. दोघांनी मिळून तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले, मनाचे डॉक्टर येऊन गेले. प्रत्येकाला तिच्या आजाराचं नाव माहीत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. सलाइन लावलं, नाकातून नळी घातली, नळीतून पेज दिली. पेज हा शब्द नर्सच्या तोंडून ऐकला आणि मला व्यंकटी आठवून हसू फुटलं. मग तिथंच भिंतीकडे तोंड करून रडलो.

पेज पोटात जात होती, अंगाला लागत नव्हती. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, ओळखीची माणसं, ओळखीच्या जागा दाखवा.

श्रीशैल म्हणाला, "दाजी, वेळअमावस्या आलीय. अक्काला शेतात नेऊ. पंगत बघितली की जेवतीय बघा ती."

वेळअमावस्येला सगळे शेतात पूजा-पंगतीला जातात आणि लातूर ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. आमचं शेत औशाच्या पुढं, निलंग्याच्या रस्त्याला. दर वर्षी दानम्मा आदल्या दिवसापासून भज्जीच्या भाज्या निवडत बसायची आणि मला शेंगा सोलायला लावायची. या वर्षी भज्जी श्रीशैलच्या बायकोनं, पुनमनं केली. पूजेसाठी कडबा उभा करून केलेल्या कोपीसमोर पंगत बसली. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. हरभऱ्याचा वास सुटला होता. श्रीशैलनं बहिणीला उचलून आणून पंगतीत बसवलं आणि पुनमनं तिच्यासमोर पान वाढलं.

ती त्या पानाकडे बघेना. तिचे डोळे तळहातावर.

मी तिच्या मागे वाकून म्हणालो, "दानम्मा, जेव गं. सगळे थांबलेत."

"मी बी थांबलेय," ती म्हणाली. खूप दिवसांनी बोलली होती. पुनमच्या हातातला डाव हातातच राहिला.

"कशासाठी थांबलीस?"

"पंगत बसलीय. लई मोठी हाय हो, दुसरं टोक दिसंना. एकेकाला वाढत वाढत यायलेत."

"अक्का, तुला वाढलंय की इथं," श्रीशैल म्हणाला.

तिनं समोरच्या पानाकडे एकदा पाहिलं. "हे माझं न्हाई. माझं शेवटी मांडलंय."

"मग ऊठ तिथनं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "ऊठ आणि इथं ये!"

"पंगतीतनं मधीच उठतेत का?" तिनं मला समजावलं. हळू, लहान मुलाला सांगतात तसं. "बसा म्हणले, मी बसते म्हणले. आता सगळ्यांचं झाल्याबिगर कसं उठू?"

मला गच्चीवरचं ते 'हाव, बसते की' आठवलं. कुणी बसा म्हटलं तर नाही म्हणायची रीत तिला कुणी शिकवलीच नव्हती. तिथं ती फसली. दुसरी कोणी असती तर पुस्तकातल्या वाक्याला उत्तर द्यायला गेली नसती.

"वाढतंय कोण?" मी विचारलं.

"तोंड दिसंना. वाकलेलं हाय ना."

तिचे डोळे परत तळहातावर गेले. आमची पंगत मात्र अडकून बसली. ती न जेवता बसलेली, मग उठायचं कसं? पानं वाळली, पोरं चुळबुळायला लागली, माश्या आल्या. शेवटी श्रीशैलचे चुलते खाली मान घालून उठले आणि त्यांच्यामागे एकेक करून सगळे उठले. दानम्मा एकटीच बसून राहिली, कोपीसमोर, सावली तिच्यावरून निघून गेली तरी.

६

घरी आल्यावर नवा आवाज सुरू झाला. बादली टेकवल्याचा.

लातुरात बादलीच्या आवाजाचं कुणी नवल करत नाही. आमच्याकडे नळ येतो तो सणासारखा, आणि आला की गल्लीभर बादल्याच बादल्या. म्हणून आधी मी लक्षच दिलं नाही. पण हा आवाज नळ नसलेल्या दुपारीही यायचा. स्टीलची, भरलेली बादली फरशीवर टेकवावी, मग जराशानं उचलावी, पुढं टेकवावी, तसा. पंगतीत वरण वाढणारा एका पानापासून दुसऱ्या पानापाशी सरकतो तेव्हा येतो तो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुठंतरी लांब, रस्त्याच्या पलीकडे वाटला. नंतर विशाखाबाईंच्या घरातून आल्यासारखा. मी त्यांच्या दारात जाऊन विचारलंही. त्या म्हणाल्या, "अण्णा, आमच्या बादल्या रिकाम्या पडल्यात, तुमच्याकडंच पाणी आलंय का काय?"

त्यांनाही ऐकू येत होता तर. मला धीर यायला हवा होता, पण आला नाही.

दानम्मा मात्र खुलली होती. पदर सारखा करायची, जरा सरकून बसायची, ओठांवरून जीभ फिरवायची. अंगात काही उरलं नव्हतं, नुसती हाडं, आणि चेहऱ्यावर भुकेल्या माणसाला स्वयंपाकाचा वास आल्यावर येते तशी ओढ. माझ्या हातचा घास ती नाकारत होती आणि कुठल्या परक्याची वाट बघत होती.

मग मला एक कल्पना सुचली. तिला वाढणाऱ्याचीच वाट बघायची आहे ना? मग मी वाढतो. तो पोचायच्या आत मी पोचतो.

श्रीशैल आणि पुनमला बोलावलं. विशाखाबाई आणि त्यांच्या सासूबाई आल्या. गोलाईतून पत्रावळी आणल्या. पुढच्या खोलीत सतरंजी टाकून दुपारी सगळ्यांना ओळीनं बसवलं, दानम्माला भिंतीशी, शेवटी. तिच्यासमोर पान मांडलं. तिनं तळहातावरून नजर काढून त्या पानाकडे पाहिलं. श्रीशैलनं मला डोळ्यानं खुणावलं. आमची आशा इतकी वाढली होती की पुनमनं पदर तोंडाशी धरला.

मी दाराकडून सुरुवात केली. वरणाची बादली, हातात पळी. गुडघे कुरकुरत होते तरी वाकलो. विशाखाबाईंच्या सासूबाईंना वाढलं. बादली उचलली आणि पुढच्या पानापाशी फरशीवर टेकवली.

तो आवाज मी ओळखला. तीच बादली होती. इतके दिवस लांबून, रस्त्यापलीकडून, शेजारून येत होता तो आवाज माझ्या हातातून आला होता.

थांबायला हवं होतं. पण मी स्वतःला म्हणालो, बादलीसारखी बादली, सगळ्या सारख्याच वाजतात. विशाखाबाईंना वाढलं. बादली टेकवली, पुनमला वाढलं. श्रीशैलला वाढलं. दानम्माच्या पानापाशी टेकवली आणि पळी भरून वाकलो.

तिनं मान वर केली. तिचे डोळे पहिल्यांदा माझ्या चेहऱ्यावर थांबले. तिनं मला ओळखलं.

"तुमीच व्हय?" ती म्हणाली.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मला वाटलं जिंकलो. "हो गं, मीच. घे, जेव."

तिचा चेहरा पांढरा पडला. वाढप्याला नको म्हणताना धरतात तसे तिनं दोन्ही हात पानावर आडवे धरले. हात इतके वाळले होते की बोटांच्या फटीतून पत्रावळ दिसत होती.

"आत्ताच नको," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते. तुमच्या हातचं आत्ताच नका वाढू."

माझ्या पळीतलं वरण सतरंजीवर सांडलं. सगळ्यांचे हात पानातच थांबले. विशाखाबाईंच्या सासूबाई तेवढ्या जेवत होत्या, त्यांना ऐकू कमी येतं.

त्या दिवसापासून बादलीचा आवाज थांबला. आणि दानम्मानं माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही. मी खोलीत गेलो की ती हात पानावर धरावेत तसे मांडीसमोर धरायची. मी दारातून परत फिरायचो. श्रीशैल तिला चमच्यानं पाणी पाजायचा आणि मी जिन्यावर बसून ऐकायचो.

७

ती एका सकाळी गेली. बसल्या बसल्याच. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि कागद लिहून दिला. मी त्यांना पुन्हा बघायला लावलं. त्यांनी पुन्हा पाहिलं.

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्डा खणून त्याच्या एका भिंतीत कोनाडा करतात आणि त्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. शेतातच, कोपीच्या जागेपासून थोडं पुढं, चिंचेखाली जागा धरली. दुपार होती. स्वामी मंत्र म्हणत होते. बेल वाहिला, भस्म लावलं. तिचा उजवा हात कोनाड्याबाहेर आलेल्या गुडघ्यावर उताणा पडला होता. इतके दिवस वळलेली बोटं सुटून सरळ झाली होती. डोळे मिटलेले होते. मला वाटलं, सुटली बिचारी. मला खरंच बरं वाटलं.

पहिली मूठ नवऱ्यानं द्यायची. मी खड्ड्याच्या काठावर गुडघे टेकले, ओंजळीत माती घेतली आणि वाकलो. ओंजळ सोडली. माती तिच्या उताण्या तळहातावर पडली.

तिची बोटं मिटली. माती त्यांनी सावकाश एकत्र ओढली, दाबली, अंगठ्यानं नीट केली. भाताचा घास करतात तसा तिनं घास केला.

मी श्रीशैलकडे पाहिलं. तो माझ्या शेजारीच वाकलेला होता, त्याला सगळं दिसलं होतं. मागे माणसं उभी होती, त्यांना आमच्या पाठीच दिसत असणार. मी ओरडलो असतो तर त्यांनी तिला बाहेर काढलं असतं. आणि मग? डॉक्टरांचा कागद माझ्या खिशात होता. तिचं अंग मी स्वतः धुतलं होतं, गार दगड झालं होतं.

"दाजी," श्रीशैल माझ्या कानाशी म्हणाला. तो रडत होता. "अक्का लई दिवसाची उपाशी हाय."

मी खाली पाहिलं. घास तिनं तोंडाकडे नेला होता. हात पुन्हा खाली आला आणि गुडघ्यावर उताणा होऊन थांबला, रिकामा.

किती महिने मी तिला म्हणत होतो, जेव, माझ्या हातचं एकदा जेव. मी दुसरी ओंजळ भरली, मग तिसरी. मागच्या माणसांना वाटलं दुःखानं माझं भान सुटलंय. कुणीतरी मला दंडाला धरून उठवायला आलं. श्रीशैलनं त्याला मागे सारलं.

मी वाढत राहिलो.